माळवदावर कोण चढणार?

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. शनिवारची सकाळ, दुसरा चहा, लॅपटॉप अजून उघडलेला नाही. आमच्या घराण्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मेंबर सत्तावीस. पुणे, ठाणे, बंगळूर, न्यू जर्सी, एक जण सिंगापुरात. जत तालुक्यात प्रत्यक्ष राहणारा मेंबर एकच, आमचे तात्या (माझे धाकटे चुलते). त्या सकाळी न्यू जर्सीवाल्या चुलतभावाने मळ्यातल्या आमच्या जुन्या वाड्याचा फोटो टाकला. कुठल्या तरी अल्बममधून काढलेला, पिवळट. खाली लिहिलं, "हा आपला हेरिटेज आहे. प्रोटेक्ट करायलाच हवा." मग काय विचारता! अंगठे, बदाम, हात जोडलेले. कोणी म्हणालं सरकारी यादीत घालू. कोणी म्हणालं होमस्टे काढू. एका वहिनीने नावसुद्धा सुचवलं.

तासाभराने तात्यांचा मेसेज आला. दोनच शब्द. "माळवद गळतंय."

त्यावर एकही अंगठा नाही. दुपारी कोणी तरी गुड मॉर्निंगचा फुलांचा फोटो टाकला आणि तो मेसेज वर सरकून गेला.

आजचा सगळा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे. आणि आधीच कबूल करतो, अंगठा न देणाऱ्यांत मीही होतो.

ज्यांनी माळवद बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं बॅकग्राउंड. (माहीत असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, पण मग मजा जाईल.) सातारा-सांगली म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कृष्णा, ऊस आणि हिरवळ येते. जत हे त्याच सांगली जिल्ह्याचं दुसरं टोक. जुनं डफळ्यांचं संस्थान, १९४८ साली विलीन झालेलं, पलीकडे कर्नाटकाचा विजापूर भाग. बाहेरच्या माणसाला जत आठवतं ते टँकरमुळे, नाहीतर नोव्हेंबर २०२२ मुळे, जेव्हा कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी इथल्या गावांवर दावा सांगितला आणि चार दिवस आमचा तालुका टीव्हीवर गाजला. इथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. शेजारच्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. म्हणून तिकडे उतरती कौलं आणि इकडे सपाट मातीचं छप्पर. कुठल्या गावात किती पाऊस पडतो हे जुन्या घराच्या छपराकडे बघून सांगता येतं, हवामान खात्याची साइट उघडायला नको.

तर माळवद असं असतं. दगडी उथळ्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर फळ्या नाहीतर किलच. त्यावर तरवडाच्या किंवा निरगुडीच्या फांद्या आणि लिंबाचा पाला, म्हणजे कीड लागत नाही. त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी. पांढरी म्हणजे गावठाणाची जुनी, खारवट, बारीक माती. या मातीत क्षार असल्यामुळे ती भिजली की फुगते, तिची छिद्रं बंद होतात आणि पाणी खाली उतरत नाही. शिवाय तिच्यात गवत धड उगवत नाही. गंमत बघा, कृष्णाकाठी वाळवा-मिरजेकडे पाण्याच्या अतिरेकाने जमिनी क्षारपड झाल्या म्हणून शेतकरी डोक्याला हात लावून बसतो, आणि तोच क्षार जतच्या छपरावर वॉटरप्रूफिंग करतो! शेतात शाप आणि डोक्यावर वरदान.

पण या वॉटरप्रूफिंगला एक अट आहे. दर वर्षी मृगाच्या आधी कोणी तरी वर चढलं पाहिजे. पन्हाळी मोकळ्या करायच्या, उंदरांची बिळं आणि मुंग्यांची वारुळं बुजवायची, जिथे भेगा पडल्यात तिथे पांढरी टाकून धुमसायची. पहिला मोठा पाऊस आला की पुन्हा चढायचं, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, आणि जिथे गळतंय तिथे पायाने माती दाबायची. आमच्याकडे खरा पाऊस परतीचा, सप्टेंबरातला. म्हणून तात्यांचा मेसेज सप्टेंबरात आला.

तात्या आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांचा गुडघा गेलाय. वर कोण चढणार?

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं की आपल्या देशात जुन्या घराला दोनच अवस्था असतात. एकतर ते "कच्चं" असतं, नाहीतर ते "हेरिटेज" असतं. दोन्ही अवस्थांमध्ये त्याचं छप्पर दुरुस्त होत नाही.

पहिली अवस्था बघू. जनगणनेच्या फॉर्ममध्ये घराच्या छपराचे प्रकार असतात. त्यात माती कुठे बसते? गवत, पाला, बांबू, लाकूड यांच्या रांगेत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत वंचित कुटुंब ओळखायच्या निकषांपैकी एक होता, कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेलं, एका खोलीचं घर. त्याच आकडेवारीवर २०१६ ची ग्रामीण आवास योजना उभी राहिली. मैदानी भागात घरामागे १ लाख २० हजार, किमान २५ चौरस मीटर, छप्पर पक्कं. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाचटाच्या झोपडीत भिजणाऱ्या बाईला स्लॅब मिळाला तर त्याहून चांगलं काय? पण निकष लिहिणाऱ्याच्या डोक्यात भिजणारी झोपडी आणि तीन पिढ्या न गळलेलं माळवद हे एकाच रकान्यात आहेत. आणि पैसे आहेत ते नवं बांधायला. आहे ते चांगलं माळवद नीट करायचं म्हटलं तर त्यासाठी त्या योजनेत काही नाही.

परिणाम काय होतो ते मी आमच्या गावात डोळ्यांनी बघितलंय. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) वस्तीवरच्या एका कुटुंबाने चांगलं चार खणांचं माळवद पाडलं. सागाच्या तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकल्या. त्या आता पुण्यात एखाद्या रेस्टॉरंटमध्ये "रस्टिक" म्हणून लटकत असतील. त्यांच्या जागी पंचवीस मीटरचं घरकुल झालं. एप्रिलमध्ये जतला पारा चाळिशीच्या पार जातो. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री सगळी उष्णता खाली सोडतो. ते कुटुंब आता उन्हाळ्यात अंगणात झोपतं. मी तालुक्याच्या एका कार्यालयात विचारून बघितलं, की साहेब, माळवद दुरुस्तीला काही मिळतं का? टेबलामागचा माणूस भला होता. तो हसला आणि म्हणाला, "मातीचं घर ना? मग पाडा की, पक्कं मिळंल."

आता दुसरी अवस्था. समजा आमच्या न्यू जर्सीच्या बंधूंचं ऐकलं आणि वाडा संरक्षित झाला. (होणार नाही. आमच्या वाड्यात कोणी मोठा माणूस जन्मला नाही आणि कुठला तह झाला नाही.) मग काय होतं? केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे, महाराष्ट्राचा १९६० चा आहे. केंद्राच्या यादीत साडेतीन हजारांहून जास्त स्मारकं आहेत. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय स्मारकाभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा प्रतिबंधित झाला आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा नियंत्रित. त्या शंभर मीटरमध्ये १६ जून १९९२ च्या आधीचं तुमचं घर असेल तर दुरुस्तीलाही परवानगी लागते. आणि त्याच कायद्यात "दुरुस्ती आणि नूतनीकरण" याची व्याख्या आहे. आहे त्या वास्तूत फेरफार म्हणजे दुरुस्ती, पण बांधकाम किंवा पुनर्बांधकाम त्यात येत नाही.

आता एक प्रश्न. माळवदाची मोठी दुरुस्ती कशी करतात? सगळी माती खाली उतरवतात, सडलेलं लाकूड बदलतात आणि माती पुन्हा वर चढवतात. ही दुरुस्ती की पुनर्बांधकाम? मी तीन वेळा व्याख्या वाचली. माझ्या मते दुरुस्ती. पण फाइलवर सही करणाऱ्याच्या मते? तो फाइल वर पाठवणार. वर म्हणजे माळवदावर नव्हे, वरिष्ठांकडे. आणि मृग काही सहीसाठी थांबत नाही.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे गाव आहे. १२ मार्च १९१३ ला तिथे यशवंतराव चव्हाण जन्मले, आजोळच्या घरात. साधं शेतकऱ्याचं घर. ते घर राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि असायलाच हवं. महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री कुठल्या छपराखाली जन्मला हे पोरांना बघता आलं पाहिजे. पण जरा विचार करा. त्या घराला फोर्ट किंवा लेण्याचे नियम लावून चालेल का? लेणं कातळात आहे, दहा वर्षं कोणी गेलं नाही तरी ते तिथेच असतं. शेतकऱ्याचं घर ही दर वर्षी हात लागणारी वस्तू आहे. त्यात माणसं राहत होती म्हणून ते टिकलं. चूल पेटायची, धुराने लाकूड काळं व्हायचं, म्हणून वाळवी दूर राहायची. माणूस बाहेर काढून बोर्ड आत लावला की घर म्हाताऱ्या माणसासारखं झपाट्याने खचतं.

आणि हे काही मी नवं सांगत नाहीये. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये लंडनला जुन्या इमारतींसाठी संस्था काढली तेव्हा त्याचा मुद्दा हाच होता, की थाटामाटाच्या जीर्णोद्धारापेक्षा रोजची निगा बरी. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शलने १९२३ मध्ये जतनाची नियमावली लिहिली, तिचाही सूर तोच, नवं करण्यापेक्षा आहे ते राखा. २०१४ च्या राष्ट्रीय जतन धोरणात पारंपरिक कारागिरांचा आवर्जून उल्लेख आहे. म्हणजे कागदावर सगळ्यांना सगळं माहीत आहे! जपानात इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, २०१३ मध्ये बासष्टाव्यांदा बांधलं. त्यांच्या लेखी देऊळ म्हणजे लाकूड नव्हेच, लाकूड जोडायची विद्या. वीस वर्षं का? एका सुताराच्या आयुष्यात हे काम दोन-तीनदा यावं म्हणून. पहिल्यांदा शिकायला, दुसऱ्यांदा करायला, तिसऱ्यांदा शिकवायला.

आपल्याकडे जतच्या पूर्व भागात माळवद घालणारे गवंडी शोधायला मला तीन वीकेंड लागले. जे मिळाले ते अण्णा बहात्तर वर्षांचे. निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलणारे. त्यांचा मुलगा पुण्यात फूड डिलिव्हरी करतो. म्हणजे शक्यता आहे की मी गेल्या शुक्रवारी मागवलेला पनीर रोल, माळवद घालणाऱ्या शेवटच्या घराण्याच्या वारसाने मला आणून दिला आणि मी त्याला पाच स्टार दिले. असो.

आता तुम्ही म्हणाल, किल्लारी विसरलास का? नाही विसरलो. विसरताच येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर दमून झोपलेली गावं. सरकारी आकड्यानुसार आठ हजारांच्या जवळपास माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक घराच्या दगडमातीखाली. माळवदाची तरफदारी करणाऱ्या प्रत्येकाने आधी या प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे. इन्स्टाग्रामवर मातीच्या घरांचे सुंदर फोटो टाकणारे ते देत नाहीत, म्हणून मला त्यांचाही राग येतो.

उत्तर द्यायला थोडं गणित करू. (इंजिनियर आहोत, लाजायचं काय?) लातूर-उस्मानाबादकडच्या जुन्या घरांच्या माळवदावर मातीचा थर पन्नास ते ऐंशी सेंटिमीटर होता. एवढा का? कारण दर वर्षी गळलं की वर नवी माती टाकायची आणि जुनी उतरवायची नाही. उतरवायला मेहनत, टाकायला सोपं. साठ सेंटिमीटर थर म्हणजे एका चौरस मीटरवर जवळजवळ एक टन. त्याखाली भिंती कशा? दोन बाजूंना चांगले दगड, मध्ये गाळ आणि खडी, दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचित. भूकंपात या भिंती मधून फुगल्या आणि फुटल्या. जिथे लाकडी सांगाडा धड होता, तिथे अनेक ठिकाणी तो उभा राहिला आणि भिंती पडल्या. जिथे छप्पर सरळ भिंतींवर टेकलेलं होतं, तिथे सगळंच खाली आलं.

वॉर्ड कनिंगहॅमने १९९२ मध्ये आपल्या धंद्यात एक शब्द आणला, टेक्निकल डेट. आज पॅच मारून भागवलंत की उद्याच्या डोक्यावर कर्ज चढतं. किल्लारीच्या माळवदांवरचा प्रत्येक जादा थर हा असा पॅच होता. आपल्या प्रोजेक्टमध्ये कर्ज थकलं तर रिलीज पुढे जातं, फार तर क्लायंट ओरडतो. तिथे माणसं गेली. म्हणून दोष मातीला देण्याआधी, माती न उतरवण्याला द्या.

आमच्या वाड्याचं मी स्वतः मोजलं. बारा खण, साधारण सत्तर चौरस मीटर, थर पंचेचाळीस सेंटिमीटर. गुणाकार केला. तात्या आणि काकू रोज रात्री त्रेपन्न टन मातीखाली झोपत होते. त्या रात्री मला पुण्यात झोप आली नाही. आणि ग्रुपवर आम्ही होमस्टेचं नाव ठरवत होतो!

आता हेच गणित उलटं करा. थर पंधरा सेंटिमीटरवर आणला तर चौरस मीटरला अडीचशे किलो. बारा सेंटिमीटरचा आरसीसी स्लॅब तीनशे किलो. म्हणजे नीट राखलेलं माळवद स्लॅबपेक्षा हलकं असतं. हे वाक्य मी मुद्दाम पुन्हा लिहितो, नीट राखलेलं माळवद स्लॅबपेक्षा हलकं असतं. आणि लोक काय करतात, तर जुन्या दगडमातीच्या भिंती तशाच ठेवून त्यांवर स्लॅब ओततात. सरकारी भाषेत ते घर आता पक्कं. ज्या भिंतींनी किल्लारीत घात केला त्याच भिंती, त्यांवर लाकडी सांगाड्याचा आधारही नाही, आणि छप्पर पक्कं. कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७) याच सातारा जिल्ह्यातला, हे तरी आपण लक्षात ठेवायला नको का?

किल्लारीनंतर यावर उपाय काय ते शोधलं गेलं होतं. माती कमी करा, खांब आणि तुळईच्या कोनात तिरके लाकडी टेकू मारा, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे बांध घाला, वरून पट्टा बांधा. पुस्तिका निघाल्या, गवंड्यांना शिकवलं. पण अनुदान हातात आल्यावर बहुतेकांनी जुनं घर बळकट करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली बांधली आणि जुनं होतं तसंच ठेवलं. मी त्यांना नावं ठेवणार नाही. भीती काय असते ते त्यांनी बघितलं होतं. पण बघा, तिथेही निवड दोनच गोष्टींत झाली, सोडून द्या नाहीतर नवं बांधा. दुरुस्ती पुन्हा मध्ये राहून गेली.

आपल्या धंद्यात हे रोज होतं. नवा टीम लीड येतो, जुना कोड बघतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, फेकून द्या, पहिल्यापासून लिहू. जोएल स्पोल्स्कीने २००० साली नेटस्केपचं उदाहरण देऊन सांगितलं होतं की हा धंद्यातला सगळ्यात महागडा मूर्खपणा आहे, कारण जुन्या कोडमधल्या कुरूप दिसणाऱ्या ओळी म्हणजे कोणी तरी कधी तरी दुरुस्त केलेल्या चुका असतात. पांढरीचा थर, लिंबाचा पाला, पन्हाळीचा उतार, या सगळ्या अशाच ओळी आहेत. आणि आपण सगळे मेंटेनन्स प्रोजेक्टवर टाकलं की रेझ्युमे अपडेट करायला घेतो! मग गवंड्याच्या पोराने माळवद सोडून बाइकवर बसावं यात नवल ते काय?

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक होईल. "पूर्वी लोक घरं किती छान राखायचे" असं आपण म्हणतो तेव्हा ते "लोक" कोण होते? मी तात्यांना विचारलं.

"तात्या, तुमच्या लहानपणी माळवदावर माती कोण टाकायचं?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपण न्हवं. आपण खाली हुबं ऱ्हाऊन सांगायचो."

माती आणायला गावकुसाबाहेरची माणसं, लाकूडकामाला सुतार, आणि मोबदला सुगीला बलुतं म्हणून चार पायल्या धान्य, कधी तेही नाही. भिंती सारवायच्या त्या घरातल्या बायकांनी, त्याचा तर हिशोबच नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतनं आणि तसली बाकीची कनिष्ठ गाव वतनं गेली, वेठ गेली, फार चांगलं झालं. पण त्यानंतर त्या कामाचे पैसे द्यायची सवय आपल्याला लागलीच नाही. वाड्यांची माळवदं पडायला लागली त्याचं एक कारण हे आहे, आणि ते आमच्या ग्रुपवर कोणी लिहीत नाही. जपणूक फुकट कधीच नव्हती. तिचं बिल दुसरं कोणी तरी भरत होतं.

म्हणून हेरिटेजच्या गप्पा मारणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो, गवंड्याची मजुरी किती धरली आहे?

आम्ही धरली. अण्णांना स्लॅबवाल्या मिस्त्रीपेक्षा जास्त रोज दिला, कारण त्यांना येतं ते त्या मिस्त्रीला येत नाही. सोबत चार माणसं, आणि अण्णांच्या मुलाला महिनाभर पुण्याहून बोलावून घेतलं, त्याच्या डिलिव्हरीच्या कमाईपेक्षा वर पैसे देऊन, शिकायचे. एकूण खर्च २ लाख ८० हजार. सत्तावीस जणांत माणशी दहा हजारांच्या थोडा वर. मी एक्सेल शीट करून ग्रुपवर टाकली. अकरा जणांनी पैसे दिले. बंधूंनी न्यू जर्सीहून विचारलं की एवढ्या पैशात "प्रॉपर" स्लॅब नाही का होणार? (त्यांनी नंतर पैसे दिले. उशिरा, पण दिले. भांडण नको.)

अक्षय्य तृतीयेनंतर काम सुरू झालं. बारा ट्रॉल्या माती उतरली. त्या मातीत काय काय निघालं! लोखंडी विळ्याचं पातं, गोट्या, एक भोकाचा पैसा. दोन तुळया आतून भुसा झाल्या होत्या. वरून कोणी तरी, बहुतेक आमच्याच वडीलधाऱ्यांनी, गळती थांबवायला सिमेंटचा थर दिला होता. त्याखाली पाणी अडकून लाकूड कुजलेलं. अण्णांनी तो सिमेंटचा तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे शेरातलं औषध. वरनं गुण, आतनं जहर."

मी दोन दिवस वर माती धुमसली. तिसऱ्या दिवशी पाठ धरली. माझ्या हाताला फोड आले त्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला आणि त्याला एकोणीस अंगठे मिळाले. तात्यांच्या "माळवद गळतंय"ला शून्य, माझ्या फोडांना एकोणीस. हा हिशोब मी विसरणार नाही.

नुसती बडबड करून थांबणार नाही, मागण्याही लिहितो.

एक, आवास योजनेत दुरुस्तीचा रकाना हवा. इंजिनियरने येऊन सांगावं की हे माळवद चांगलं आहे, थर कमी करा, टेकू मारा, आणि त्याला पैसे मिळावेत. नव्या घराच्या निम्म्या पैशात दोन्ही कामं होतील, गारवाही राहील आणि जीवही.

दोन, संरक्षित घरांच्या बाबतीत जशीच्या तशी वार्षिक निगा, म्हणजे पांढरी टाकणं, पन्हाळी काढणं, कुजलेलं लाकूड त्याच जातीच्या लाकडाने बदलणं, याला परवानगीची भानगड नको. नुसतं कळवणं पुरे. १९५८ च्या कायद्यात मालकाशी देखभालीचा करार करायची सोय आहे. ती वापरा, आणि करारात दर वर्षीच्या मे महिन्याचे पैसे लिहा. वीस वर्षांतून एकदा येणारा मोठा निधी म्हणजे वीस वर्षं गळणारं छप्पर.

तीन, मुंबईने १९६९ मध्ये जुन्या चाळींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, भाडेकरू-मालकांकडून उपकर घेतला. त्याचं पुढे काय झालं यावर हजार तक्रारी आहेत. पण छपरासाठी दर वर्षी पैसा बाजूला काढायचा असतो हे तत्त्व तरी त्याने मान्य केलं. ग्रामीण घरांसाठी असं काहीच नाही.

चार, आणि ही मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुमच्या गावाकडच्या घराचं छप्पर शेवटचं कधी बघितलंत? फोटोतलं नव्हे, वर चढून. २००४ मध्ये 'स्वदेस' बघून आपली आख्खी पिढी रडली. नासाचा इंजिनियर गावात येतो, वीज तयार करतो. त्याचं शूटिंग आमच्याच बाजूला, वाईजवळच्या मेणवलीत झालं होतं, नाना फडणविसांच्या गावात. सिनेमा संपल्यावर आपण पॉपकॉर्न टाकून घरी आलो. टर्बाइन बसवणारा हीरो आपल्याला आवडतो. टर्बाइनला दर वर्षी ग्रीस कोण लावतं त्याच्यावर सिनेमा निघत नाही.

ग्रीस लावायचं काम आपलं आहे. ज्याला जमेल त्याने चढावं. ज्याला जमत नाही त्याने चढणाऱ्याची मजुरी द्यावी, वेळेवर आणि घासाघीस न करता. दोन्ही जमत नसेल तर निदान हेरिटेज हा शब्द ग्रुपवर टाकू नये.

जूनमध्ये पहिला वळवाचा दणका आला तेव्हा मी हिंजवडीत मीटिंगमध्ये होतो. फोन थरथरला. तात्यांचा व्हॉइस मेसेज. बाहेर जाऊन कानाला लावला. सुरुवातीला काहीच नाही, नुसती शांतता. पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजतो, स्लॅबवरही थोडा वाजतो. माळवदावर पावसाचा आवाज होत नाही. मग तात्यांचा आवाज आला.

"ऐकू आलं का काय? न्हाई ना? पाऊण तास पडतोय. खाली एक थेंब न्हाई."

मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तो मेसेज चारदा ऐकला. मग कॅलेंडर उघडलं आणि मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक इव्हेंट टाकला. नाव: माळवद. रिपीट: दर वर्षी. एंड डेट: नाही. आणि सत्तावीसच्या सत्तावीस जणांना इन्व्हाइट पाठवलं.

हे लिहीपर्यंत अ‍ॅक्सेप्ट केलंय नऊ जणांनी. बाकीच्यांचं "मेबी" आहे. मृग मात्र मेबी नसतो.